सैल सांधे आणि खेळणारी मुले

शाळेच्या मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले, तर एक गंमत हमखास पाहावयास मिळते. चारपाच मुलांच्या घोळक्यात एखादा मुलगा मनगट वाकवून आपला अंगठा थेट हाताच्या आतल्या बाजूस टेकवून दाखवितो. दुसरी एखादी मुलगी करंगळी मागे वळवून ती काटकोनाच्याही पलीकडे नेते. बाकीची मुले तसे करू पाहतात. त्यांना ते जमत नाही आणि ज्याला जमते त्याचे कौतुक होते. शिक्षकही म्हणतात, “याचे अंग कसे रबराचे आहे!” मग कवायतीच्या किंवा कसरतीच्या पथकासाठी मुले निवडताना त्याच मुलाचे नाव प्रथम पुढे येते.

अशाच एका मुलीची आपण कल्पना करू. तिला सुमन म्हणू. ती अकरा वर्षांची असून खोखोच्या संघात आहे. ती चपळ आहे, तिला खेळाची मनापासून आवड आहे, आणि तिचे सांधे अतिशय लवचीक आहेत. गेल्या काही महिन्यांपासून मात्र खेळून घरी आल्यावर संध्याकाळी तिचे गुडघे दुखतात. वर्षभरात तिचा घोटा दोनदा मुरगळला आहे. क्ष-किरणांनी घेतलेल्या चित्रात काही दोष दिसला नाही, रक्ताची तपासणीही निर्दोष आली. सकाळी ती पुन्हा नेहमीसारखी धावू लागते. त्यामुळे घरची माणसे म्हणतात, “वाढते वय आहे, दुखायचेच.” कोणी म्हणते, “अभ्यासाचा कंटाळा आला की हिचे पाय दुखतात.” सुमनलाही हळूहळू वाटू लागते की आपले दुखणे खरे नसावेच.

सुमनचे दुखणे खरे आहे काय, तिने खेळ सोडावा काय आणि तिच्या शिक्षकांनी व पालकांनी काय करावे, या तीन प्रश्नांची उत्तरे या पुस्तिकेत शोधावयाची आहेत. त्यासाठी प्रथम सांध्याची रचना समजून घेतली पाहिजे.

सांधा कशाने जागेवर राहतो?

दोन हाडे जेथे एकत्र येतात त्या जागेस सांधा म्हणतात. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. सांध्याभोवती एक बळकट पिशवी असते. तिला संधिकोश हे नाव आहे. हाडाला हाडाशी बांधून ठेवणारे जे चिवट पट्टे असतात, त्यांना अस्थिबंध म्हणतात. स्नायू हाडांवर ओढ घेऊन हालचाल घडवितात. स्नायूचे टोक ज्या दोरीने हाडाला जोडलेले असते, ती दोरी म्हणजे कंडरा होय.

सांध्याला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. त्याने हालले पाहिजे आणि त्याच वेळी जागेवरही राहिले पाहिजे. खांद्याच्या सांध्यात हालचाल पुष्कळ असते, म्हणून तो निखळण्याची भीतीही अधिक. नितंबाच्या सांध्यात खोल वाटीत गोळा बसविलेला असतो, म्हणून तो भक्कम. परंतु त्याची हालचाल खांद्याच्या मानाने मर्यादित असते. गुडघ्यात मात्र हाडांची खाच फारशी खोल नाही. त्याची स्थिरता बहुतांशी अस्थिबंधांवर आणि स्नायूंवर अवलंबून असते.

हे समजण्यासाठी मैदानावर उभारलेल्या राहुटीचे उदाहरण घेऊ. राहुटीचा खांब चारही बाजूंनी ताणलेल्या दोरांमुळे उभा राहतो. दोर घट्ट असतील तर वारा आला तरी खांब फारसा हलत नाही. पण दोरच किंचित ताणले जाणारे असतील, तर खांब डुलू लागेल. अशा वेळी चार माणसांनी चहूकडून खांब धरून ठेवावा लागेल आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर आपला जोर कमीअधिक करावा लागेल. खांब पडणार नाही हे खरे. पण संध्याकाळपर्यंत ती माणसे थकून जातील. या दृष्टांतातील दोर म्हणजे अस्थिबंध आणि माणसे म्हणजे स्नायू. ज्या मुलांचे अस्थिबंध अधिक ताणले जातात, त्यांच्या स्नायूंना दिवसभर हे जास्तीचे काम करावे लागते. सुमनचे पाय सकाळी न दुखता संध्याकाळी का दुखतात, याचे एक मोठे कारण येथे आहे.

दोराचे सूत

अस्थिबंध, कंडरा, संधिकोश, त्वचा या सर्वांत कोलॅजन नावाचे प्रथिन मुख्यत्वे असते. आपल्या शरीरात इतर कोणत्याही प्रथिनापेक्षा ते अधिक आढळते. त्याची रेणुरचना उलगडण्याच्या कामी भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये असे मांडले की, कोलॅजनच्या रेणूत तीन साखळ्या असतात. पुढच्या वर्षी त्यांनी त्या तीन साखळ्या एकमेकींभोवती दोरासारख्या पिळलेल्या असतात, हे अधिक स्पष्ट केले. दोर वळणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. एकेरी सुतापेक्षा तीन पदरी पीळ अधिक बळकट असतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

या साखळ्यांत दर तिसऱ्या स्थानी ग्लायसीन हे अमिनो आम्ल असते. सर्व अमिनो आम्लांत ते सर्वांत लहान आहे. पिळाच्या मध्यभागी जागा इतकी थोडी असते की तेथे तेवढेच मावते. आनुवंशिक बदलामुळे त्या जागी दुसरे, मोठे अमिनो आम्ल आले तर पीळ नीट बसत नाही. काही गंभीर विकारांत नेमके हेच घडते: एखाद्या विकारात हाडे ठिसूळ होतात, तर एखाद्यात रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर राहतात.

पण येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. सांधे लवचीक असलेल्या बहुसंख्य मुलांना असा कोणताही विकार नसतो. कोणी उंच असतो, कोणी बुटका. त्याचप्रमाणे कोणाचे सांधे ताठ असतात, कोणाचे सैल. हा गुणधर्म बहुधा घराण्यात चालत आलेला असतो. सुमनच्या आईला विचारले, तर लहानपणी आपणही पाय मानेमागे नेत होतो, असे ती सांगण्याचा संभव आहे. मुलांत हा लवचिकपणा प्रौढांपेक्षा अधिक असतो व वयाबरोबर तो कमी होत जातो. मुलग्यांपेक्षा मुलींत तो अधिक आढळतो. आशिया व आफ्रिका या खंडांतील लोकांत तो युरोपीय लोकांपेक्षा अधिक असतो, असेही पाहण्यांतून दिसून आले आहे. मुंबईतील मुलांची एक पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत आठशेहून अधिक मुले तपासली होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांचे सांधे लवचीक आढळले. जी गोष्ट इतक्या मुलांत सापडते, तिला सरसकट रोग म्हणणे योग्य ठरणार नाही.

लवचिकपणा कसा मोजतात?

सैल सांध्यांकडे वैद्यांचे लक्ष फार प्राचीन काळापासून आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रॅटीस याच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात सिथियन लोकांचे वर्णन येते. त्यांचे सांधे इतके सैल असत की धनुष्य ओढणे व भाला फेकणे त्यांना अवघड जाई. म्हणून ते खांदे, बाहू व मनगटे डागून घेत, असे त्यात म्हटले आहे. उपाय अघोरी होता, पण सैल सांध्याला कोठून तरी आधार हवा असतो, ही जाण त्यामागे होती.

आधुनिक काळात कार्टर व विल्किन्सन यांनी १९६४ मध्ये लवचिकपणा तपासण्याची एक रीत सुचविली. तिच्यात सुधारणा करून बेटन, सॉलोमन व सॉस्कोल्न या तिघांनी दक्षिण आफ्रिकेतील लोकसमूहाच्या अभ्यासासाठी १९७३ मध्ये नऊ गुणांची कसोटी तयार केली. ती आजही जगभर वापरतात. तिच्यातील गुण असे मोजतात:

१. तळहात व कोपरापर्यंतचा हात टेबलावर सपाट ठेवून करंगळी मागे उचलली असता ती काटकोनाच्या पलीकडे गेली, तर प्रत्येक हाताला एक गुण.

२. मनगट वाकवून अंगठा हाताच्या आतल्या बाजूस टेकला, तर प्रत्येक हाताला एक गुण.

३. कोपर सरळ केल्यावर ते सरळ रेषेच्या पलीकडे दहा अंशांहून अधिक मागे गेले, तर प्रत्येक बाजूस एक गुण.

४. उभे राहिल्यावर गुडघा सरळ रेषेच्या मागे दहा अंशांहून अधिक झुकला, तर प्रत्येक बाजूस एक गुण.

५. गुडघे न वाकविता पुढे वाकून दोन्ही तळहात जमिनीवर पूर्ण टेकले, तर एक गुण.

एकूण गुण नऊ. पूर्वी पुष्कळ ठिकाणी चार गुणांनाही लवचीक म्हणत. परंतु त्या मोजपट्टीने मुलांची फारच मोठी संख्या या वर्गात पडू लागली. म्हणून २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत, वयात न आलेल्या मुलांसाठी सहा किंवा अधिक गुणांची मर्यादा ठरविण्यात आली.

या कसोटीचा अर्थ नीट समजून घ्यावा. ती लवचिकपणा मोजते. वेदना मोजत नाही. नऊपैकी नऊ गुण मिळविणारा मुलगा पूर्ण निरोगी असू शकतो. उलट खांदा, नितंब व घोटा यांची या कसोटीत गणनाच नाही. म्हणून खांदा वारंवार निखळणाऱ्या मुलाचे गुण कमी भरणेही शक्य आहे. शिवाय ही कसोटी वर्गात करून पाहताना गुण मिळावा म्हणून बोट किंवा कोपर कोणीही जोराने ओढू नये. सांधा सहज जेथवर जातो तेथवरच त्याचे माप.

देणगी की ओझे?

इंग्लंडमधील ग्रॅहम व जेन्किन्स या संशोधकांनी १९७२ मध्ये बॅले नृत्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी प्रश्न विचारला होता: सांध्यांचा लवचिकपणा ही संपत्ती समजावी की ओझे? हा प्रश्न आपल्या मैदानांवरही विचारण्याजोगा आहे.

जिम्नॅस्टिक, नृत्य, योगासने, मल्लखांब अशा प्रकारांत लवचीक मुलांना आरंभी मोठा लाभ होतो. इतरांना जे साधण्यास वर्ष लागते, ते त्यांना आठवड्यात साधते. प्रशिक्षक खूष होतात आणि त्या मुलांकडून आणखी खोल वाक, आणखी रुंद ताण यांची अपेक्षा करू लागतात. काही ठिकाणी तर पाय फाकवून बसलेल्या मुलाच्या पाठीवर किंवा मांड्यांवर भार देऊन त्याला खाली दाबण्याची पद्धत आहे. ही पद्धत सर्वच मुलांना अपायकारक आहे; लवचीक मुलाच्या बाबतीत ती निरर्थकही आहे. ज्याच्याकडे ताण आधीच अधिक आहे, त्याला आणखी ताण देऊन काय मिळणार? त्याला उणीव असते ती ताकदीची आणि ताब्याची. मल्लखांबावरचा मुरलेला खेळाडू पाहिला, तर हे लगेच ध्यानात येते. तो जितका वाकतो तितकाच जागच्या जागी स्थिर धरून राहतो. त्याची खरी कसब धरण्यात असते.

धावण्याच्या व झुंजीच्या खेळांत परिस्थिती वेगळी असते. तेथे गुडघा सरळ रेषेच्या मागे जाण्याने लाभ काहीच नाही. धोका मात्र आहे. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विवेचनात असे दिसून आले की, खेळाडूंचा परस्परांशी अंगस्पर्श होणाऱ्या खेळांत सैल सांध्यांच्या खेळाडूंना गुडघ्याच्या दुखापतीचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. घोट्याच्या बाबतीत मात्र त्या विवेचनात तसा फरक आढळला नाही. म्हणजे प्रत्येक सांध्याची व प्रत्येक खेळाची गोष्ट निराळी आहे.

दुखणे खरे असते

१९६७ मध्ये कर्क, अ‍ॅन्सेल व बायवॉटर्स या वैद्यांनी एक महत्त्वाची गोष्ट नोंदविली. सांध्यांचा दुसरा कोणताही रोग नसताना, केवळ सांधे सैल असल्यामुळे काही माणसांना वारंवार दुखणे होते, असे त्यांनी दाखवून दिले. सैल सांध्यांशी निगडित अशा दुखण्याला २०१७ पासून एक वेगळे नावही देण्यात आले. तात्पर्य, सुमनसारख्या मुलांचे दुखणे ही वैद्यकशास्त्राने मान्य केलेली गोष्ट आहे. क्ष-किरणांच्या चित्रात ते दिसत नाही, कारण त्या चित्रात हाडे दिसतात. थकलेला स्नायू आणि ताणलेला अस्थिबंध दिसत नाही.

थकव्याखेरीज आणखी एक कारण आहे. डोळे मिटूनही आपला हात कोठे आहे, गुडघा किती वाकला आहे, हे आपल्याला समजते. स्नायू, कंडरा आणि सांध्याभोवतीचे अस्थिबंध यांतील सूक्ष्म ज्ञानतंतूंकडून मेंदूला ही बातमी सतत पोहोचत असते. या जाणिवेस स्थितिबोध म्हणू. सैल सांध्यांच्या पुष्कळ मुलांत, विशेषतः गुडघ्याच्या बाबतीत, हा बोध थोडा मंद असल्याचे प्रयोगांत आढळले आहे. सांधा मर्यादेच्या बाहेर गेल्याची बातमी उशिरा पोहोचली, तर स्नायूही उशिरा सावरतात. खोखोत खांबाला वळसा घालताना हा क्षणाचा उशीरही घोटा मुरगळण्यास पुरेसा असतो.

मैदानाबाहेरही याच्या खुणा दिसतात. काही मुले उभी राहताना गुडघे मागे झुकवून, जणू अस्थिबंधांना टांगून, उभी राहतात. काहींची बोटे लिहिताना पेनवर उलटी वाकतात. मग थोड्या वेळाने हात दुखू लागतो आणि अक्षर बिघडते. अशा मुलाला आळशी म्हणून शिक्षा करण्यापूर्वी शिक्षकांनी एकदा त्याच्या बोटांकडे पाहावे. जाड पेन आणि लिहिताना मधूनमधून विश्रांती एवढ्या साध्या उपायांनीही कित्येकदा फरक पडतो.

खेळ सोडावा काय?

दुखते म्हणून खेळ बंद, असा निर्णय घरोघरी सहज घेतला जातो. पण राहुटीचा दृष्टांत पुन्हा आठवावा. दोर सैल आहेत म्हणून खांब धरणाऱ्या माणसांनाही आपण घरी पाठविले, तर राहुटीचे काय होईल? खेळ थांबला की स्नायू दुबळे होतात, दुबळे स्नायू लवकर थकतात, थकवा वाढला की दुखणे वाढते, आणि दुखणे वाढले की मूल आणखी बसून राहते. या फेऱ्यातून बाहेर पडण्याचा मार्ग नेमका उलट दिशेने जातो. सांध्यांचा सैलपणा औषधाने वा मालिशीने घट्ट करता येत नाही. स्नायू मात्र व्यायामाने बळकट करता येतात.

यास प्रयोगाचा आधार आहे. ऑस्ट्रेलियात गुडघेदुखी असलेल्या सैल सांध्यांच्या सव्वीस मुलांवर झालेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे दोन गट करून त्यांना आठ आठवडे व्यायाम देण्यात आला. एका गटाने गुडघा सरळ रेषेपर्यंतच नेला, तर दुसऱ्याने त्याच्या स्वाभाविक पूर्ण मर्यादेपर्यंत. दोन्ही गटांतील मुलांचे दुखणे कमी झाले. प्रयोग लहान होता. तरीही देखरेखीखाली केलेला व्यायाम या मुलांना मानवतो, हे त्यातून दिसते.

सर्वसाधारण मुलांविषयीचा एक मोठा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातील चार देशांत फुटबॉल खेळणाऱ्या सुमारे ३,९०० मुलांपैकी काही संघांना खेळापूर्वी तोल, उडी, पडण्याची योग्य रीत आणि ताकद यांचे ठराविक व्यायाम देण्यात आले. त्या संघांत दुखापतींचे प्रमाण इतर संघांपेक्षा सुमारे ४८ टक्क्यांनी कमी राहिले. हे व्यायाम करण्यास खर्चिक साधने लागत नाहीत.

सुमनसारख्या मुलीने काय करावे, हे आता क्रमाने पाहू. मांडीचे, नितंबाचे व पोटरीचे स्नायू बळकट करावेत. त्यासाठी अर्ध्या बैठका, पायरीवर चढणे-उतरणे आणि चवडे टेकवून टाचा उचलणे हे व्यायाम पुरेसे आहेत. बैठकीतून उठताना गुडघा मागे झटकू नये. तो सरळ झाला की थांबावे. दंड काढताना कोपराबद्दल हीच काळजी घ्यावी. तोल साधण्यासाठी भिंतीजवळ एका पायावर उभे राहावे. जमू लागले की डोळे मिटून तसेच उभे राहावे. व्यायाम थोड्यापासून आरंभ करून आठवड्याआठवड्याने वाढवावा. दुसऱ्या दिवशीही दुखत राहिले, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजावे आणि प्रमाण कमी करावे. उंची भराभर वाढत असेल त्या महिन्यांत भार वाढविण्याची घाई करू नये. घोटा मुरगळला असेल, तर सूज उतरताच मैदानात न उतरता, दोन्ही पायांवर सारख्याच सहजतेने उभे राहता व उडी मारता येईपर्यंत थांबावे. व्यायामोपचार जाणणाऱ्या तज्ज्ञाचा सल्ला मिळू शकत असेल तर अवश्य घ्यावा.

मैदानावर किंवा वर्गात सांधे वाकवून दाखविण्याचे खेळ मात्र सोडून द्यावेत. टाळ्या मिळतात, पण अस्थिबंध पुन्हापुन्हा ताणले जातात.

केव्हा वैद्याकडे गेलेच पाहिजे?

प्रत्येक दुखणे सैल सांध्यांच्या माथी मारणेही चुकीचे ठरेल. पुढील लक्षणे दिसल्यास विलंब करू नये: सांधा सुजणे किंवा गरम लागणे, सकाळी उठल्यावर सांधे बराच वेळ ताठ राहणे, ताप येणे, वजन घटणे, सतत लंगडणे, एकाच जागी दुखून रात्री झोपमोड होणे. सैल सांध्यांचे दुखणे बहुधा श्रमानंतर, दिवस उतरताना वाढते. सकाळचा ताठरपणा हा मुलांच्या संधिवाताचा सूचक असू शकतो व त्याचे उपचार वेगळे आहेत.

काही थोड्या मुलांत सैल सांधे हे संयोजी ऊतींच्या आनुवंशिक विकाराचे एक लक्षण असते. एलर्स यांनी १९०१ मध्ये व डॅनलॉस यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेल्या विकारात त्वचाही फार ताणली जाते, व्रण रुंद व पातळ राहतात. २०१७ च्या वर्गीकरणात त्याचे तेरा प्रकार मानले आहेत. फ्रेंच वैद्य मार्फान यांच्या नावाने ओळखला जाणारा दुसरा विकार खेळाडूंच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्यात मूल उंच व सडपातळ असते, हातापायांची बोटे लांब असतात, दोन्ही हात पसरले असता त्यांचे माप उंचीहून अधिक भरते, डोळ्यांतील भिंग सरकलेले असू शकते. आणि हृदयातून निघणारी महारोहिणी हळूहळू रुंदावत जाते.

अमेरिकेची विख्यात व्हॉलिबॉलपटू फ्लो हायमन १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या संघात होती. २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमधील मात्सुए येथे एका सामन्यात ती मैदानातून बाहेर येऊन बाकावर बसली आणि तेथेच कोसळली. ती एकतीस वर्षांची होती. तिची महारोहिणी फाटली होती. तिला मार्फानचा विकार होता, हे मृत्यूनंतर कळले. तिची उंची सर्वांनी पाहिली होती, त्या उंचीचे कौतुकही झाले होते. परंतु तिच्यामागे काय असू शकते, याचा शोध कोणी घेतला नव्हता. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली. त्यालाही हाच विकार आढळला व शस्त्रक्रियेने त्याच्यावर उपचार करता आले. म्हणून वरील लक्षणे असलेल्या मुलाच्या घराण्यात कोणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू झाला असेल, किंवा खेळताना मुलाच्या छातीत दुखत असेल, त्याला घेरी येत असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याखेरीज त्याला जोराच्या खेळात उतरवू नये.

शाळेकडून अपेक्षा

शाळेला यासाठी मोठी यंत्रणा उभारावी लागत नाही. खेळाच्या तासाची पहिली पंधरा मिनिटे ताकद व तोल यांच्या व्यायामास द्यावीत. त्याचा लाभ सर्वच मुलांना होईल. लवचीक मुलांना ओळखून त्यांच्याकडून जास्तीचा ताण न घेता जास्तीची बळकटी करून घ्यावी. वारंवार मुरगळणाऱ्या मुलाची नोंद ठेवावी आणि ती पालकांना कळवावी. मांडी घालून तासन्‌तास जमिनीवर बसणे ज्याला त्रासाचे होते, त्याला अधूनमधून उठून पाय मोकळे करू द्यावेत. आणि मूल दुखते म्हणाले, तर प्रथम त्याच्यावर विश्वास ठेवावा. विश्वास न ठेवल्यास ते दोनच गोष्टी शिकेल: दुखणे लपविणे किंवा खेळ टाळणे. दोन्हींत त्याचे नुकसान आहे.

आता आरंभीच्या तीन प्रश्नांकडे वळू. सुमनचे दुखणे खरे आहे. ते तिच्या हाडांत नसून सैल दोरांचा भार वाहणाऱ्या स्नायूंत व ताणल्या जाणाऱ्या अस्थिबंधांत आहे. तिने खेळ सोडू नये. काही आठवडे तो कमी करून त्या वेळात स्नायू बळकट करावेत व मग क्रमाक्रमाने संघात परतावे. तिच्या भोवतालच्या मोठ्या माणसांनी तिच्या अंगाच्या रबरीपणाचे कौतुक थोडे कमी करावे, तिच्या पायांच्या ताकदीची चौकशी थोडी अधिक करावी. पुढे वय वाढेल तसे तिचे सांधे आपोआप थोडे ताठ होत जातील. तोवर तिचे स्नायू खांब धरण्यास समर्थ असले, म्हणजे झाले.

स्वाध्याय

१. राहुटीच्या दृष्टांतातील खांब, दोर व माणसे शरीरातील कोणकोणत्या भागांच्या जागी आहेत?

२. भिंतीजवळ एका पायावर, प्रथम डोळे उघडे ठेवून व नंतर मिटून, किती सेकंद उभे राहता येते ते मोजा. दोन्ही वेळांत फरक का पडतो?

३. नऊपैकी आठ गुण मिळालेला मुलगा आजारी आहे असे म्हणता येईल काय? कारण द्या.

४. तुमच्या शाळेत खेळापूर्वी कोणते व्यायाम घेतात? त्यांतील ताण देणारे कोणते व बळकटी आणणारे कोणते, याची यादी करा.